हिरवा ठिपका

व्हँकुव्हरच्या आमच्या प्रयोगशाळेत एक साधी रीत होती. सूक्ष्मदर्शकाखाली शंकास्पद पेशी दिसल्या की काचपट्टीवर त्या जागी शाईचा ठिपका द्यायचा, म्हणजे पुढच्याला शोधत बसावं लागत नाही. सगळे काळी शाई वापरत. वासिल पेट्रिशिन तेवढे हिरवी.

वासिल आमचे जुने तपासनीस. चाळीस वर्षं त्यांनी बीजांडकोशाचे कर्करोग तपासले. शेजारच्या बीजवाहिनीचा एकच तुकडा बघायचा, 'नळी ठीक' असं लिहायचं आणि उरलेली नळी बादलीत टाकायची. तेव्हा सगळेच तसं करत. माझ्या आईचीही नळी अशीच गेली, आणि पाठोपाठ आई. मी एकोणीस वर्षांची होते. तेव्हापासून मला फारसं काही वाटेनासं झालं. पुढे मी शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर झाले; त्या कामात ते बरंच पडतं.

काढलेल्या नळ्या मी टोकापासून टोकापर्यंत बारीक चिरून बघायला लागले. रोगाची सुरुवात तिथेच सापडली, नळीच्या झालरीसारख्या टोकाशी, वीसेक पेशींत. वासिलना दाखवलं तेव्हा ते सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनात. मग म्हणाले, "नोरा, मी किती बादल्या भरल्या गं."

निवृत्त झाल्यावरही ते रोज येऊन जुन्या पट्ट्या बघत बसत. मार्चमध्ये ते वारले.

एप्रिलमध्ये नव्या पट्ट्यांवर हिरवे ठिपके यायला लागले. पट्ट्या तयार करणाऱ्या गेलला मी झापलं. ती म्हणाली, "मला पेशी ओळखता येत असत्या, तर तुमच्या खुर्चीत नसते का बसले?" वासिलचं पेन माझ्याच खणात होतं, केव्हाच वाळलेलं. मी स्पिरिटने ठिपके पुसायची आणि पट्ट्या तपासायची. जिथे ठिपका होता तिथेच रोग निघायचा, एकदाही चूक नाही. या नळ्यांवरच्या माझ्या शोधनिबंधात मी याबद्दल अवाक्षर लिहिलं नाही.

मला घोर होता तो ब्रिजेटचा, माझ्या धाकट्या बहिणीचा. आईकडून मुलीत उतरणारा, या कर्करोगाचा जनुकदोष आम्हा दोघींत उतरला होता. मी माझ्या नळ्या आणि बीजांडकोश कधीच काढून घेतले होते. तिला आधी मूल हवं होतं, आणि "थांब मग" असं मीच तिला म्हटलं होतं. आता तिचे दिवस भरत आले होते. तीन डिसेंबरला पोट उघडून बाळ काढायचं आणि त्याच वेळी बाकीचंही, असं ठरलं.

नऊ नोव्हेंबरला पट्ट्यांच्या तबकात एक जास्तीची काच आली. तिच्यावर पेशी नव्हत्याच. डाव्या कडेला हिरवा ठिपका होता. लेबलवर नाव नव्हतं, फक्त जन्मतारीख: त्याच महिन्याची एकोणीस, म्हणजे दहा दिवस पुढची. गेलच्या मते लेबल छापणारं यंत्र बिघडलं होतं. मी काच खणात टाकली आणि विसरून गेले.

ब्रिजेटला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. भर दुपारी पोट उघडलं. नळ्या मी स्वतः काढल्या. बाळ रडलं तेव्हा मी मान वर केली नाही.

चार दिवसांनी तिच्या अठ्ठेचाळीस पट्ट्या आल्या. एकीवरही ठिपका नव्हता. तरी मी प्रत्येक पट्टी दोनदा पाहिली. सगळं स्वच्छ होतं. मग मी रडले, कित्येक वर्षांनी.

संध्याकाळी, कावळे रात्रीच्या थाऱ्याला शेजारच्या बर्नबी गावाकडे परतत होते तेव्हा, मी तिच्या घरी गेले.

"डोळे का सुजलेत, डॉक्टरीणबाई?" ती म्हणाली. "रडलीस? तू?"

मी तिला निकाल सांगितला.

"म्हणजे आईचं ते संपलं?"

"संपलं," मी म्हणाले.

"मग आता भाचीला घे तरी. चार दिवस झाले, मावशीने तोंड दाखवलं नाही."

बाळ हलकं होतं. दवाखान्याची नाव-तारखेची पट्टी अजून त्याच्या पायात होती, सैल झालेली. ती नीट करताना मी तारीख वाचली.

एकोणीस नोव्हेंबर.

ब्रिजेट काहीतरी सांगत होती. मी मान डोलावत राहिले.

तिथून मी प्रयोगशाळेत गेले. खणातून काच काढली आणि स्पिरिटने पुसली. मग उलटी करून दुसऱ्या बाजूने पुसली.

ठिपका काचेच्या आत होता.