सामंतांचा धीर

स्थापनाकक्षातल्या पडद्यावरच्या एकाच ओळीकडे उन्मेष टिपणीस केव्हाचा बघत बसला होता. ‘सहघटक : धीर. मूळ व्यक्ती : दयार्णव सामंत.’ त्याला वाईट वाटत होतं म्हणणं फारच सौम्य झालं. त्याचा नुसता जळफळाट होत होता.

त्याची बायको शलाका वेधशाळेच्या कार्यशाळेत होती. तीन महिन्यांपूर्वी तिने दुर्बिणीचे आरसे घासण्याचं कौशल्य मेंदूत बसवून घेतलं होतं. तिथले सामंत त्या कामातले उस्ताद. त्यांच्या मेंदूवरून एका बाहेरच्या कंपनीने कौशल्यसंच उतरवला, उन्मेषनेच प्रयोगशाळेत बांधलेल्या स्थापकाने, म्हणजे इन्स्टॉलरने, तो शलाकाच्या मज्जाजोडणीत भरला आणि तिची बोटं काचेवर सफाईने फिरू लागली. इथपर्यंत ठीक होतं. पण संचाच्या पोटात सामंतांचा धीरही आहे, हे उन्मेषने आज पाहिलं.

“धीर कशाला घातलाय यात?” त्याने विचारलं.

रुबिना मुलाणी डबा उघडत होती. प्रत्येक संच तिच्या चाचणीतून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे.

“आरसा घासायला महिनोन्‌महिने जातात. नुसती बोटं देऊन काय उपयोग? कौशल्य ज्याच्यावर उभं राहतं ते सोबत द्यावंच लागतं. विंडोजच्या काळात तू वेगळं काय करायचास? प्रोग्रॅमला लागणाऱ्या दुसऱ्यांच्या फाइल्स पोटात घालूनच इन्स्टॉलर बांधायचास ना?”

“त्या फाइल्स होत्या. हा माणूस आहे.”

“आणि नियमही तूच आणलास तिकडून. तोच घटक आधीपासून असेल, तर दोन्ही तोलायचे, चांगला तेवढा ठेवायचा आणि सगळ्या कामांनी तोच वापरायचा. एका डोक्यात दोन धीर नकोत.” रुबिना हसली. “शिवाय सामंतांचा धीर म्हणजे...”

“त्यांचं नाव नको काढूस माझ्यासमोर.”

रुबिनाने खांदे उडवले आणि पोळीचा तुकडा मोडला.

उन्मेषला संशय यायला तसा कधीच वेळ लागत नसे, पण या बाबतीत त्याला अनुभवही होता. तरुणपणी त्याने फुकटच्या सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर बांधले होते. लोकांना हवा असायचा साधा कॅलेंडरचा प्रोग्रॅम. सोबत कुणाचा तरी टूलबार जायचा, कुणाची जाहिरात जायची. चौकटीत होकाराची खूण उन्मेषने आधीच करून ठेवलेली असायची आणि लोक न वाचता ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत पुढे जायचे. परकं माणूस घरात कसं शिरतं, हे त्याला पुरेपूर माहीत होतं.

संध्याकाळी घरी त्याने विषय काढला. कार्यशाळेत आज कोण होतं, सामंत काय म्हणाले, त्यावर ती काय म्हणाली. शलाका कोथिंबीर निवडत होती. तिने प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं आणि आवाज जराही चढवला नाही. तो शांतपणाच उन्मेषला टोचला. हा आपल्या बायकोचा नव्हे, हा त्या माणसाचा. पूर्वी ती असं ऐकून घ्यायची का? त्याला काही केल्या आठवेना.

“तुला एवढा त्रास होत असेल तर काढून टाक तो धीर,” शेवटी तीच म्हणाली. “घासायचं काम मी माझ्या बळावर करेन. पण मग हा विषय बंद.”

दुसऱ्या दिवशी रुबिना जेवायला गेलेली पाहून त्याने शलाकाला खुर्चीत बसवलं, मज्जाजोडणी लावली आणि संचातला तेवढाच सहघटक काढायची आज्ञा दिली. पडद्यावर सूचना आली : ‘हा धीर इतर अनेक कामांतही वापरात आहे. तरीही काढायचा?’

इतर अनेक कामांत. म्हणजे एवढा पसरला आहे हा माणूस हिच्यात. उन्मेषने दात आवळून ‘हो’ दाबलं.

शलाकाने डोळे उघडले.

“कसं वाटतंय?” त्याने विचारलं. “आता तरी सामंत जरा कमी आठवतील ना?”

“तुला लाज कशी वाटत नाही रे?” शलाका म्हणाली. “आधी माझा कॉलेजातला मित्र. मग खालचे डॉक्टर. आता हे साठीचे सामंत. फोन कुणाचा, उशीर का झाला, हसलीस का. इतकी वर्षं मी हे का ऐकून घेतलं, मलाच कळत नाहीये.”

रुबिना दारात थबकली होती. “काय काढलंस तू?”

“सामंतांचा धीर.”

“सामंतांचा? अरे, आरशावर चरा दिसला की ते मदतनिसाच्या अंगावर धावून जातात. त्यांचा धीर मी चाचणीत काठावर पास केला. ज्याच्याकडे मुळात काहीच नाही त्याला निदान तेवढा मिळावा म्हणून. काल मी तेच सांगत होते, तर तू बोलू दिलं नाहीस.”

उन्मेषने स्थापनेची नोंद उघडली. त्याच्याच नियमाने दोन धीर तोलले होते आणि सामंतांचा बाहेर ठेवला होता. शलाकाच्या डोक्यात सामंतांचा धीर कधी गेलाच नव्हता. आजवर आरसे घासत होता आणि आत्ता काढला गेला, तो तिचा स्वतःचा. उन्मेषबरोबर संसार करता करता वाढलेला.

“परत टाक,” तो म्हणाला.

“कुठून? तिच्या धीराची प्रत कुणी काढून ठेवलीये? संचात एकच आहे.” रुबिनाने पडद्याकडे बोट केलं. तिथे सामंतांचं नाव होतं आणि चौकटीत होकाराची खूण आधीच केलेली होती.

“टाक,” तो म्हणाला. “सामंतांचा तर सामंतांचा.”

“मला विचारायचं असतं ते,” शलाका म्हणाली. “नकोय मला.” तिने मज्जाजोडणी काढून ठेवली आणि पर्स उचलली.

“शलाका, ऐक तरी. दोन मिनिटं थांब.”

असं तो म्हणाला की आजवर ती दर वेळी थांबली होती. आज ती लिफ्टसाठीसुद्धा थांबली नाही. जिन्याने भराभर उतरून गेली.