काळी एक, पांढरी चार

या, जरा जवळ सरकून बसा. कीर्तनात पूर्वरंग संपतो, बुवा पाण्याचा घोट घेतात आणि आख्यानाला हात घालतात ना? तसंच एक आख्यान सांगते. यात राजा नाही, राणी नाही... दोन दमलेले गाण्याचे शिक्षक आहेत.

गंधाली घाटकोपरच्या एका मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची. सव्वीस जानेवारीला उपनगरातल्या शाळांनी मिळून एक प्रार्थना गायची, असं ठरलेलं. पहिल्या एकत्र सरावाला ती पोचली तीच बसलेला घसा घेऊन. सभागृहात एक जण सतरंज्या उचलत होता.

"अहो दादा, ती इकडे घाला. सुरकुती नको हं!"

त्यानं मुकाट्यानं घातली, सुरकुती काढली, हात झटकले आणि पेटीपुढे जाऊन बसला.

"मी यज्ञेश. साकीनाक्याच्या शाळेतला गाण्याचा मास्तर. अजून कुठे घालू?"

गंधालीला वाटलं, त्याच सतरंजीखाली शिरावं.

गाणं सुरू झालं आणि वाट लागली! तिच्या मुलींनी सूर धरला पेटीच्या पांढरी चार पट्टीत, त्याच्या मुलांनी काळी एकमध्ये. त्या वर, हे खाली. नुसता कलकलाट.

"तुमची मुलं डरावतात, सर."

"नववीतली आहेत, मॅडम. आवाज फुटलेत. मी नाही फोडले."

ती हसली... किती दिवसांनी!

सराव घेणाऱ्या दर्शनाताई मात्र हसल्या नाहीत. "पुढच्या शनिवारी एक पट्टी झाली नाही, तर एक शाळा मागे उभी राहून नुसते ओठ हलवेल. कुठली, ते तुम्हीच ठरवा."

फाटकाशी चहा घेताना दोघांनाही तो विषय काढवेना.

"आमचा भीमराज," शेवटी यज्ञेश म्हणाला, "आवाज फुटल्यापासून तोंड उघडत नव्हता. आता कुठे गायला लागलाय. त्याला कसं सांगू, नुसते ओठ हलव म्हणून?"

गंधालीनं चहाचा कप खाली ठेवला. तिच्याही मुली होत्याच की. तिचा हात गळ्याकडे गेलेला पाहून त्यानं खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढली.

"चघळा. आमचे अण्णा कीर्तनाला पेटीची साथ करतात, त्यांचं औषध."

काडी घेताना बोटाला बोट लागलं. दोघंही रिक्षा शोधू लागली... रिकाम्या रिक्षा सोडून देत!

तो आठवडा गंधालीनं सहामाहीचे राहिलेले पेपर तपासत आणि मुलींना खालच्या पट्टीत उतरवत काढला. यज्ञेशला कळवलं नाही. कळवलं असतं, तर त्यानं नको म्हटलं असतं.

"मॅडम, हे घशातून नाही, पायातून गावं लागतंय!" जान्हवी कुरकुरली.

"गा गं. माझ्यासाठी गा."

शनिवार उजाडला. गंधालीनं हात वर केला. मुलींनी खालून सूर धरला, काळी एक... आणि साकीनाक्याची मुलं माना ताणून वर, थेट पांढरी चारला! पुन्हा तोच कलकलाट, फक्त उलटा.

दर्शनाताई खुर्चीत बसल्याच.

"तुम्ही कशाला वर गेलात?" गंधाली ओरडली. ओरडली कसली, घोगरं कुजबुजली.

"तू कशाला खाली आलीस?"

"अगं, सर मॅडमना तू म्हणाले!" जान्हवीनं शेजारणीला कोपर मारलं.

"तुझ्या मुली मागे उभ्या राहिल्या असत्या, तर तुला तोंड दाखवता आलं नसतं मला."

"आणि भीमराज?"

"तोच म्हणाला, वर जाऊ सर. फाटला आवाज तर फाटला."

गंधालीचे डोळे भरले. मुलांना ते दिसू नये म्हणून ती पेटीवर वाकली आणि तिनं काळी दोन दाबली. दोघांच्या बरोब्बर मधली.

"अर्धं तू ये... अर्धं मी येते."

मुलं गायली. एका गळ्यानं गायल्यासारखी.

"हे आधी नाही सुचलं?" दर्शनाताईंनी विचारलं.

"नाही सुचलं," यज्ञेश म्हणाला. "दोघंही दमलो होतो."

हॉल रिकामा झाला. "कार्यक्रम झाल्यावरही... भेटशील?" यज्ञेशनं विचारलं.

"भेटेन. पण गाणं नको. नुसतं बसू या, गप्प."

"रोज?"

"रोज."

सव्वीस तारखेला मैदानभर मुलं गायली. भीमराजचा आवाज मध्येच चिरकला, तो त्या सगळ्यांत विरून गेला. ती दोघं अजूनही शिकवतात, आणि संध्याकाळी एकमेकांशेजारी गप्प बसतात.

मी दक्षिणा मागत नाही. एवढंच करा... आज निजताना देवाचं नाव घ्याल, तेव्हा या दोघांनाही आठवा. फार दमतात हो ती.