परीक्षक निःपक्षपाती असावा

एप्रिल संपत आला होता आणि धुकं इतकं दाट होतं, की धक्क्याच्या टोकाला उभा असलेला माणूस मला दिसलाच नाही. मी सरळ जाऊन त्याच्या पाठीवर आदळले.

"सॉरी—" मी म्हणाले.

"सॉरी—" तोही म्हणाला. खरं तर त्याची काहीच चूक नव्हती.

मग दोघंही हसलो. उंच, थोडा वाकून उभा राहणारा, ओल्या केसांचा माणूस. पापण्यांवर धुक्याचे बारीक थेंब साचलेले. मी ते जरा जास्तच वेळ पाहत राहिले बहुतेक, कारण त्याने घाईघाईने डोळे पुसले.

"इथे समुद्र दिसतो म्हणे," तो म्हणाला.

"दिसतो की. ऑगस्टमध्ये."

"मग मी जरा लवकरच आलो." क्षणभर थांबून त्याने विचारलं, "जेवायला कुठे मिळेल काही? आणि तुम्ही इथे काय करता—"

"थांबा!" मी हात वर केला. "मी कामापासून पळून आले आहे. फोनसुद्धा बंद करून ठेवलाय. आज माझ्याशी कोणी कामाबद्दल बोललं ना, तर मी इथूनच उडी मारीन. म्हणून काम नको, नाव नको, गाव नको. कबूल?"

"कबूल. पण भूक चालेल ना?"

धक्क्यामागच्या टपरीत चावडर मिळतं, शिंपल्यांचं दाट, दुधाळ सूप. आम्ही खिडकीपाशी बसलो. मी सवयीप्रमाणे माझ्या वाडग्यात खारी बिस्किटं चुरायला लागले आणि तो आ वासून बघत राहिला.

"तुम्ही बिस्किटं चुरता?"

"इथे सगळेच चुरतात."

"आमच्याकडे असं करणाऱ्याला गावाबाहेर काढतात."

"मग इथेच राहा..."

बोलून गेले खरी, पण लगेच कानापर्यंत लाल झाले. तो खाली मान घालून हसला आणि त्याने दोन बिस्किटं आपल्या वाडग्यात चुरली, अगदी हळू, काहीतरी मोठा गुन्हा करत असल्यासारखी. बाहेर बोटींना सावध करणारा भोंगा वाजत होता. काचेवर धुकं टेकलं होतं, आणि ते कधी उठूच नये असं मला वाटत होतं. टपरीवर कार्ड चालत नाही आणि त्याच्याकडे सुटे नव्हते, म्हणून पैसे मी दिले.

निरोप घेताना तो म्हणाला, "नाव नको म्हणालात, म्हणून विचारत नाही... पण उद्या विचारलं तर?"

"उद्याचं उद्या बघू," मी म्हणाले आणि घरापर्यंत तरंगत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जमिनीवर आले, आणि चांगलेच आपटून आले.

मी आमच्या गावच्या पोलिस ठाण्यात मानांकनाचं काम बघते. म्हणजे कायद्याने बंधन नसताना आम्ही आपणहून म्हणतो, या, आमचं ठाणं तपासा. जप्त केलेला माल नीट ठेवतो का, कोठडीतल्या माणसाला नीट वागवतो का, सगळं बघा आणि योग्य वाटलं तर शिक्का द्या. दुसऱ्या गावांचे पोलिस परीक्षक म्हणून येतात. "लष्कराच्या भाकऱ्या!" असं आमचे चीफ मेरिल पहिल्यांदा म्हणाले होते. आता मात्र ते ठाण्यातल्या सगळ्यांपेक्षा जास्त घाबरले होते. कारण गावच्या कौन्सिलला आमचं ठाणं बंद करून गाव काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफकडे सोपवायचं होतं. बुधवारी मतदान होतं. त्याआधी परीक्षकांनी बरं म्हटलं तरच आम्ही वाचणार होतो. नाहीतर चीफ, मी आणि आमची मोजकी माणसं घरी बसणार होतो. दोन वर्षं मी याच कामाला जुंपलेली होते.

परीक्षकाने ठाण्याकडून काही म्हणजे काही घ्यायचं नसतं. हे मी सगळ्यांच्या इतकं डोक्यात भरलं होतं, की आदल्या आठवड्यात चीफनी पाहुण्यांसाठी डोनट मागवले, तर मी ते परत पाठवले होते.

"आयडा, ये, ये!" चीफनी केबिनमधून हाक मारली. "काल तुझा फोन लागत नव्हता. एक परीक्षक आजारी पडले, त्यांच्या जागी दुसरे आलेत. या कॅप्टन हॉपवुड. आणि हे सार्जंट टोबायस ग्रॅनन. ही आमची आयडा पेल्की."

खुर्चीतून तो उठला आणि अर्धवट उठलेलाच राहिला.

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले.

"मला एक सांगायचंय," तोही त्याच क्षणी म्हणाला.

चावडरची सगळी हकिकत सांगून झाली. चीफ माझ्याकडे असे बघत होते, की त्यांच्या डोळ्यांत मला ते परत गेलेले डोनट स्पष्ट दिसत होते. कॅप्टन हॉपवुड ओठ घट्ट मिटून बसणाऱ्या बाई होत्या. त्यांनी मानांकन देणाऱ्या आयोगाच्या ऑफिसला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"सूप?" पलीकडच्या बाईंनी विचारलं. "फक्त सूप?"

"बिस्किटंही होती," टोबायस म्हणाला. असा हा माणूस!

"ओळख नसताना घेतलंय ना? मग ठीक आहे. पैसे देऊन टाका आणि कामाला लागा." मी सुटकेचा श्वास सोडला. "फक्त नियमाप्रमाणे विचारते हं, सार्जंट. तुमच्या निःपक्षपाती निर्णयाच्या आड येईल असं दुसरं काही आहे का?"

"नाही" म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. टेबलावरच्या त्या फोनकडे बघत होता...

"आहे," तो म्हणाला.

"काय आहे?"

"मला... मिस पेल्की आवडतात."

चीफना ठसका लागला. कॅप्टन हॉपवुडनी डोळे मिटले. माझं काळीज आधी फुलपाखरू झालं आणि लगेच दगड. कारण पलीकडच्या बाई सांगत होत्या, की मग सार्जंटना या तपासणीतून बाजूला व्हावं लागेल, एकट्या परीक्षकाला तपासणी करता येत नाही आणि दुसरा माणूस मिळायला मेचा मध्य उजाडेल.

मी त्याला गाड्यांच्या आवारात गाठलं.

"दोन दिवस! दोन दिवस तोंड बंद ठेवता आलं नसतं?"

"ठेवता आलं असतं."

"मग? तुमचं काय जातंय हो! मेरिल साठीला आलेत. कुठे जातील ते? तुमच्या खरेपणाची किंमत आम्ही मोजायची का?"

त्याचा चेहरा उतरला. तो किल्ल्यांशी चाळा करायला लागला.

"काल मी कोण आहे याने काही फरक पडत नव्हता," तो म्हणाला. "आज मी इथे काहीही बघितलं असतं ना, मला ते चांगलंच वाटलं असतं. तुम्ही केलंय म्हणून. मग त्या शिक्क्याला काय अर्थ राहिला? दोन वर्षं घासलंत तुम्ही... तुम्हाला खरा शिक्का मिळायला हवा."

राग आला होताच. पण त्याच्या आत कुठेतरी, कोणी माझ्या कामाला इतकं मोठं मानल्याचं सुख होतं. ते मला तेव्हा मुळीच नको होतं, म्हणून मी पाठ फिरवून आत निघून गेले. डोळे मात्र भरून आले होते.

बुधवारी संध्याकाळी सभागृहात उन्हं तिरपी आली होती आणि अर्धं गाव लोटलं होतं. कौन्सिलच्या अध्यक्षा मिसेस क्रॉकेट चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मिस पेल्की, तपासणी झालीच नाही असं कळतं. का झाली नाही?"

मी उठले. काहीतरी गुळमुळीत सांगता आलं असतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "चूक माझी आहे, मॅडम."

टोबायस! दोन तासांचा रस्ता तुडवून आलेला. टोपी हातात धरून तो उभा होता. "मी परीक्षक होतो. माझं मन निःपक्षपाती राहिलं नाही. मिस पेल्कींचा यात काहीच दोष नाही. त्यांना तर याची कल्पनाही नव्हती."

सभागृहात कुजबुज उठली. "मन म्हणजे?" मिसेस क्रॉकेटनी विचारलं. त्या सत्तरीच्या पुढे असल्या तरी कान तिखट होते.

"म्हणजे... मला त्या आवडतात."

हशा पिकला. मिसेस क्रॉकेटनी हातोडा आपटला. "म्हणजे या पाहुण्याच्या एकतर्फी खुळापायी गावाने खोळंबायचं?"

तो मान खाली घालून उभा होता. बिचाऱ्याने सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं, जे निम्मं माझं होतं तेही. मला राहवेना.

"एकतर्फी नाही," मी म्हणाले.

"काय? मोठ्याने बोल, पोरी."

"एकतर्फी नाही, मिसेस क्रॉकेट!" माझा आवाज थरथरला, पण पोचला. "मलाही ते आवडतात. आणि सोमवारी त्यांनी गप्प बसावं म्हणून मीच भांडले. ते बसले नाहीत. तपासायला येणारी माणसं अशी असतील, तर त्यांच्यापुढे उभं राहायची आम्हाला एक संधी द्या. नापास झालो, तर खुशाल कुलूप लावा."

कोणी हसलं नाही. चीफ रुमालात नाक शिंकरत होते. मिसेस क्रॉकेटनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि एका मताच्या फरकाने आम्हाला जूनपर्यंत मुदत मिळाली.

बाहेर पायऱ्यांवर तो थांबला होता. मध्ये दोन पायऱ्यांचं अंतर.

"निकाल लागेपर्यंत मी तुला भेटणार नाही," तो म्हणाला. "फोनही नाही. कोणाला बोट दाखवायला जागा नको."

"भेटणार नाहीस हे सांगायला 'तू' म्हणालास?"

"हो..." तो हसला. "चुकलंच."

आणि खरंच त्याने फोन केला नाही. मेमध्ये नवे परीक्षक आले. त्यांनी कपाटं उघडली, कुलपं ओढून बघितली, कोठडीत बसून बघितलं. मी कामात बुडाले होते, आणि तरीही सफरचंदाची झाडं फुलली तेव्हा, समुद्र निळा झाला तेव्हा, दर वेळी वाटायचं, हे त्याला सांगायला हवं. इतकी आठवण येते माणसाची, हे मला ठाऊकच नव्हतं.

जूनमध्ये एका दुपारी आयोगाचा फोन आला. चीफनी मला उचलून गरकन फिरवलं आणि त्यांची कंबर धरली. त्यांना खुर्चीत बसवून मी गाडीची किल्ली घेतली.

"अगं, केक तरी कापू!"

"तुम्ही कापा!"

त्याच्या गावात पोचले तेव्हा शाळा सुटली होती. मुख्य रस्त्याच्या मधोमध तो उभा होता, गणवेशात, एक हात वर करून गाड्या थोपवलेल्या. मुलांचा लोंढा ओलांडून गेला. रस्ता रिकामा झाला, आणि गाडी कडेला लावून मी रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर उतरले.

त्याने मला पाहिलं. मी चालत चालत अगदी त्याच्यासमोर जाऊन थांबले.

"मिळालं," मी म्हणाले.

"मिळालं?"

"खरं मिळालं. आता मी तुझी कोणी नाही, तू माझा कोणी नाहीस. कामापुरतं आपण एकमेकांचे कोणीच लागत नाही."

"मग... आता आडवं काय येतंय?"

"काहीच नाही."

"आयडा," त्याने पहिल्यांदाच माझं नाव घेतलं, इतकं हळू, की मला अजून एक पाऊल पुढे व्हावं लागलं. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. सुपाच्या आधीपासून असेल, नक्की सांगता येत नाही."

"माझंही आहे," मी म्हणाले. "आणि मला नक्की सांगता येतं."

त्याने मोकळ्या हाताने माझा हात धरला. किती वेळ आम्ही तसेच उभे होतो कोण जाणे. मग पहिल्याच गाडीतल्या एका आजोबांनी काच खाली करून मान बाहेर काढली.

"सार्जंट," ते अदबीने म्हणाले, "तुमचं चालू द्या निवांत. फक्त तो हात जरा खाली घेता का? आम्ही घरी जातो."