पाच लिटरला सव्वाशे मिली

तिने नळ सोडला, आणि पाठीमागून येऊन कुणीतरी तो बंद केला.

तळ्याच्या धक्क्यावर तिने बाबांची जुनी वॉटर स्कूटर ट्रेलरवर चढवली होती. इंजिनातला गाळ धुवावा म्हणून रबरी नळी जोडली, तेवढ्यात हा उपटसुंभ कुठून उगवला? वळून बघते तर ग्रीसने काळे झालेले हात, कपाळाला चिकटलेले ओले केस, आणि चेहरा असा की जणू हिने त्याच्याच घरचं पाणी चोरलंय.

"आधी इंजिन, मग पाणी," तो म्हणाला. "बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. नाहीतर पाणी उलटं सिलिंडरमध्ये चढतं."

"विचारून हात लावायची पद्धत नाही का तुमच्याकडे?"

"विचारत बसलो असतो तर बुडाली असती बिचारी... जमिनीवरच."

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण हसूही आलं, आणि ते लपवायला ती उगाचच नळी गुंडाळत बसली. तो धक्क्यावरच्या बोटींचा मेकॅनिक होता. तेवढ्यात तिथे येऊन पोहोचलेल्या बाबांना तो इतका आवडला की कार्बोरेटर साफ करायला त्यांनी त्याला लगेच घरी बोलावलं. तिने मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं – नळवाले.

तिचं औषधांचं दुकान होतं. आई गेल्यापासून घरी ती आणि बाबा, दोघंच. वर्षभरात बाबा बरंच काही विसरू लागले होते. गॅस चालू राहायचा, चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा, एकच गोष्ट ते दोनदा विचारायचे आणि दुसऱ्यांदा विचारल्याचं लक्षात आलं की ओशाळायचे. फक्त या सव्वीस वर्षांच्या टू-स्ट्रोक म्हातारीच्या, म्हणजे वॉटर स्कूटरच्या, बाबतीत त्यांचा हात कधी चुकला नव्हता. तेलाशिवाय तिचं इंजिन जाम झालं असतं, म्हणून दर रविवारी ते पेट्रोलमध्ये स्वतः तेल मिसळायचे – पाच लिटरला सव्वाशे मिली. तेही दुकानातून आणलेल्या औषधाच्या मापाने, डोळ्यांसमोर धरून, थेंब न् थेंब. जोवर इथे चुकत नाही तोवर आपलं डोकं ठिकाणावर आहे, असं ते म्हणायचे. ते हसत म्हणायचे, तिला मात्र हसू यायचं नाही.

मेकॅनिक चार संध्याकाळी येत राहिला. अंगणातल्या शेडमध्ये तो इंजिनावर वाकायचा आणि ती बॅटरी धरून उभी राहायची. खरं तर शेडमध्ये चांगला दिवा होता. पण त्याने बॅटरी मागितली, आणि दिव्याचा विषय तिनेही काढला नाही. तिच्या केसांना पेट्रोलचा वास येऊ लागला, तो जावा असंही तिला वाटेना.

"झोपेवर काही औषध आहे का तुमच्याकडे?" एका संध्याकाळी त्याने मान वर न करता विचारलं.

"कधीपासून येत नाही झोप?"

"धक्क्यावरचा नळ बंद केला... तेव्हापासून."

तिने बॅटरीचा झोत थेट त्याच्या डोळ्यांवर पाडला. "ते असं देता येत नाही. चिठ्ठी लागते."

त्याच संध्याकाळी इंजिन सुरू झालं. निळसर धूर निघाला, बाबांनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी बाबा तळ्यात उतरले. ती आणि मेकॅनिक काठावर उभे होते, खांद्याला खांदा लागेल न लागेल एवढ्या अंतरावर. स्कूटर मध्यावर पोहोचली असेल नसेल, आवाज एकदम चिरकला... आणि थांबला. इंजिन जागच्या जागी जाम झालं होतं. दुसऱ्या बोटीने दोर बांधून बाबांना ओढत आणलं.

काठावर उतरून बाबा कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. टाकी भरलेली होती म्हणजे आपणच भरली असणार, आणि तेल घालायला विसरलो असणार, असं म्हणाले. मेकॅनिक इंजिन उघडायला घेऊन गेला. घरी आल्यावर बाबांनी मापाचा ग्लास धुऊन पुसून तिच्या हातात दिला.

"दुकानात परत ठेव हा. आता माझा भरवसा नाही."

त्या दिवसापासून ते दाराची कडीसुद्धा तिला तपासायला सांगू लागले. तिला सगळ्यात जास्त टोचत होतं ते हे, की तिलाही ते खरंच वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मेकॅनिक दुकानात आला. शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत कोपऱ्यात उभा राहिला, मग काउंटरशी आला.

"बाबा काही विसरले नाहीत," तो म्हणाला. "टाकी मी भरली होती, इंजिन सुरू झालं त्या संध्याकाळी निघताना, माझ्या कॅनमधून. साधं पेट्रोल. इंजिनाशेजारची तेलाची डबी भरलेली दिसली, वाटलं पंप त्यातलं तेल आपोआप ओढून पेट्रोलमध्ये मिसळेल. काल इंजिन उघडलं तेव्हा कळलं – पंप बाबांनी केव्हाच काढून टाकलाय. तिथलं भोक बंद करायला नुसती पट्टी बसवलीय."

"ती पट्टी आधी दिसत नव्हती?"

"झाकण उघडलं की समोरच दिसते. आंधळ्यालाही दिसेल."

"मग?"

त्याचे कान लाल झाले. "मी पंपाकडे बघतच नव्हतो. चारही दिवस... बॅटरी जिने धरली होती, तिच्याकडे बघत होतो. त्यापायी बाबांचा जीव टांगणीला लागला. इंजिन मी नवं करून देतो. पण तुम्ही आता मला दारात उभं केलं नाहीत तरी माझी तक्रार नाही."

तिला त्याचा राग आला, अगदी मनापासून आला. आणि त्याच रागात हेही लख्ख कळलं, की हा गप्प बसला असता तर कुणालाही, कधीही पत्ता लागला नसता. आपण याच्या प्रेमात पडलोय, हे तिने त्या क्षणी स्वतःशी कबूल केलं. मात्र तोंडाने एवढंच म्हणाली, "हे सगळं आधी बाबांना सांगा. आत्ता."

तिने भरदुपारी दुकानाचं शटर ओढलं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेक शब्द चाचपत विचारलं, "म्हणजे मी भरलीच नव्हती टाकी? म्हणून मला भरल्याचं आठवत नव्हतं?"

"नव्हती भरली, काका. चूक माझी."

बाबांचा जीव भांड्यात पडला. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, आणि लगेच मेकॅनिकला खडसावलं, की पट्टी दिसत नसेल तर धंदा बदल. मग पिस्टन कुठला आणतोयस, मापाचा आहे ना, रिंगा बघून घे, अशी सरबत्ती सुरू झाली. कितीतरी महिन्यांनी बाबा असे भांडत होते. ती दाराशी उभी राहून ऐकत होती, आणि तिचे डोळे वाहत होते.

निघताना ती त्याला फाटकापर्यंत सोडायला आली.

"उद्यापासून इंजिन इथेच शेडमध्ये जुळवा. पण काम चालू असताना मी तिथे येणार नाही," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली. "बरोबर आहे तुमचं."

"काम आटोपलं, हात धुतले, की हाक मारा. मग येईन..." तिने फाटकाची कडी काढली. "मग बघा हवा तेवढा वेळ."