तीन नंबरची टाकी

पंपघरातला संगणक तळघरात, आणि इंजिनीअरबाईंचं टेबल वरच्या मजल्यावर. कुठली झडप किती वाजता उघडायची ते त्या लिनक्सवर चालणाऱ्या संगणकातल्या एका फाइलीत लिहिलेलं असायचं. एक आकडा बदलायचा म्हटलं तरी बेचाळीस पायऱ्या, आणि बाईंचे गुडघे कुरकुरायला लागलेले. म्हणून त्या सकाळी त्यांनी त्या संगणकावर ब्राउझरमधून चालणारा कोड एडिटर बसवला. एक कमांड, एक पासवर्ड, झालं. वर येऊन ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, तर तळघरातली फाइल टेबलावर हजर.

"आता पायऱ्यांना रामराम, मामा!"

ऑपरेटरला सगळेच मामा म्हणत. तीस वर्षं त्यांनी झडपा हातानं फिरवलेल्या. "बरंय," ते म्हणाले. "आम्ही काय, जुनी खोडं." आणि तळघराची किल्ली कमरेला खोचून खाली गेले.

अंगणातली तीन नंबरची टाकी धुऊन रिकामी होती. ती बाराला भरायची. बाईंनी वेळ लिहिली, एक फोन घेतला आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. खाली एक ओळ वाढली होती.

उघडू नका. आत माणूस आहे.

टाकी धुणारे चौघं काम उरकून कालच घरी गेले होते. रजिस्टरात चौघांच्या बाहेर पडल्याच्या सह्या होत्या. बाईंनी ओळ पुसली. परत आली. पासवर्ड बदलला. तरी आली. नोंदी तपासल्या, तर लिहिणारा बाहेरचा नव्हताच, त्याच मशीनवर बसलेला.

किल्ली एकच होती.

बाई गुडघे दाबत खाली उतरल्या, मामांकडून दार उघडून घेतलं, कीबोर्ड उपसला आणि काखेत मारून वर आणला. मामा मागोमाग आले.

"माझ्यावर संशय आहे का?"

"मी कोणाचं नाव घेतलं?"

"लेकी बोले सुने लागे. कळतं मला."

बाई उत्तर देणार होत्या. पण मामा पडद्याकडे बघत होते. कीबोर्ड टेबलावर पडलेला होता, त्याची वायर लोंबत होती, आणि पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं. सावकाश, सवय नसल्यासारखं.

आत माणूस आहे.

"बघून येतो," मामा म्हणाले. तोंडावरचा राग उतरला होता.

"कोणी नाहीये तिथं."

"नसलं तर बरंच."

बाईंनी बाराची वेळ पुसून टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं वाटत होतं. खिडकीतून दिसलं, मामांनी झाकण सरकवलं, बॅटरी दातात धरली आणि शिडीनं आत उतरले.

पडद्यावरची ओळ बदलली.

आत दोन माणसं आहेत.

"मामा!" बाई खिडकीतून ओरडल्या. "वर या! आधी वर या!"

शिडी करकरली. मग डोकं, खांदे. मामा बाहेर आले, हात झटकले.

"कोरडीठाक आहे! चिटपाखरू नाही!"

बाईंनी मागं वळून पाहिलं.

आत कोणी नाही.

त्यांनी श्वास सोडला. माफी कशी मागावी, याची मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागल्या.

जिन्यावर पावलं वाजली. मामा आत आले, एका अंगाला सरकले, आणि मागून येणाऱ्याला वाट द्यावी तसं दार धरून उभे राहिले.