टोपीच्या आतलं उत्तर

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे घडलंय. आमच्याच घरात, मी आत्ता बसलोय त्याच खोलीत.

यॉर्कशायरच्या माळावरचं आमचं गाव. माझ्या आजोबांचा चुलता आमोस गार्थ, त्याची ही हकिगत. नाताळचा आदला दिवस होता. त्या दिवसांत आमच्याकडे दुपारी चारलाच अंधार पडतो.

आमोस तुरुंगातून सुटून पायी घरी येत होता.

खरं तर तो फासावर जायचा. तो आणि त्याचा मेहुणा सेथ. दोघांनी मिळून मेंढी चोरली होती. एक मेंढी! पण तेव्हाचा कायदाच तसला. मेंढी चोरा नाहीतर माणूस मारा, दोर तोच.

मग राजाची माफी आली.

एकालाच. तीही अटीवर. तुरुंगाचा जुना जल्लाद मेला होता. जो त्याचं काम पत्करेल त्याला जीवदान. काम सोडलं की माफी रद्द.

जेलरने आधी सेथला विचारलं.

"मेंढी चोरली मी, माणसं नाही मारायची मला," सेथ म्हणाला. "आणि आमचे दाजीसुद्धा नाहीच म्हणतील. विचारून बघा."

दाजी हो म्हणाले.

आणि पहिली फाशी त्याला सेथलाच द्यावी लागली.

आमच्याकडे एक रीत होती. जल्लादाने आधी समोरच्याची माफी मागायची. त्याने 'केली' म्हणायचं. मगच त्याच्या तोंडावर कापडी टोपी ओढायची. पण आमोसला सेथच्या नजरेला नजर देववेना. त्याने घाईघाईत आधी टोपी ओढली आणि मग विचारलं, "सेथ, माफ करशील ना रे?"

सेथ काहीतरी बोलला. तोंडावरचं कापड हललं.

खाली लोक शिव्या घालत होते, दगड मारत होते. आमोसला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्याने सेथच्या पायाखालची फळी सोडली.

त्यानंतर आज तो घरी निघाला होता. वसंतात फिरता न्यायाधीश पुन्हा खटले चालवायला येईपर्यंत त्याला मोकळीक होती. हेस्टर, त्याची बायको, सेथची सख्खी बहीण, दार उघडेल का, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

माळावरचं बर्फ कडक झालं होतं. पाय टाकला की करकर वाजायचं.

करकर... करकर...

तो थांबला.

मागची करकर मात्र थांबली नाही. ती अगदी जवळ आली, आणि मग थांबली.

त्याने वळून पाहिलं. कुणी नव्हतं. बर्फावर फक्त त्याचीच पावलं.

पण आवाज होता... श्वासाचा. ओलं फडकं तोंडात ओढलं जावं आणि सुटावं, तसा.

तो धावतच गावच्या गुत्त्यात शिरला.

"आले बघा राजाचे लाडके!" गुत्तेवाला म्हणाला. "मेहुण्याला लटकवून तहान लागली वाटतं."

त्याने बिअर ओतली, मग आमोसच्या खांद्यामागे पाहिलं.

"आणि तुझ्याबरोबरच्याला काय देऊ?"

"माझ्याबरोबर... कोण?"

गुत्तेवाल्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने आमोसच्या हातातला पेला हिसकावला आणि भिंतीवर फोडला.

"चालता हो. दोघंही चालते व्हा!"

घरी हेस्टरने दार उघडलं. उंबऱ्यातच उभी राहिली.

"माफी मागितलीस त्याची?"

"राजानं केलंय मला माफ."

"राजाचं काय गेलं? ना मेंढी त्याची, ना भाऊ त्याचा. सेथ काय म्हणाला?"

"केली म्हणाला. हसला माझ्याकडे बघून."

"टोपीतून हसलेला दिसला तुला?" हेस्टर म्हणाली. "मी होते तिथं. गर्दीत, पार मागे."

आमोसची मान खाली गेली. ती बाजूला झाली. तो आत आला. तिने दार लावलं.

चुलीजवळचा कुत्रा उठला. शेपूट आत घालून टेबलाखाली शिरला.

दाराबाहेर... तोच श्वास.

"उघडू नकोस ग!"

हेस्टरने दार सताड उघडलं. बाहेर काळोख आणि बर्फ.

"ये भाऊ," ती शांतपणे म्हणाली. "थंडीत उभा राहू नकोस."

श्वास आत आला. दोघांच्या मधे येऊन थांबला. मग कापडाआडून कुणीतरी बोलू लागलं... सावकाश, एकेक शब्द तोलून.

आमोसला नुसती घुमघुम ऐकू आली.

हेस्टरला मात्र सगळं कळलं असावं. तिने मान हलवली. "बरं," म्हणाली.

"काय म्हणाला? हेस्टर, काय म्हणाला तो?"

"ते काम सोड. मग सांगते."

"सोडलं तर लटकवतील ग मला!"

"माहीत आहे."

वसंतात तुरुंगाची गाडी दारात आली. हेस्टर कणीक मळत होती.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "नाही म्हण त्यांना. आत्ता सांगते, या क्षणी."

आमोसने तिच्याकडे पाहिलं. मग गाडीकडे. आणि तो गाडीत चढला.

पुढे कित्येक वर्षं गाडी येत राहिली आणि तो चढत राहिला. हेस्टरने मरेपर्यंत सांगितलं नाही. आमोस तुरुंगातल्या त्याच्या खोलीतच वारला. शेवटच्या दिवसांत जो येईल त्याचे पाय धरायचा. म्हणायचा, "टोपी काढा रे त्याची. मला ऐकू येत नाहीये."

तेव्हापासून आमच्या घरात कुणी कुणाची माफी मागत नाही. भांडण झालं तर गप्प राहायचं, असा घरचा शिरस्ता आहे. बाहेरून आलेल्यांना हे विचित्र वाटतं.

गेल्या महिन्यात सुनेच्या हातून वाडगा फुटला. भर सकाळी. नवी पोर, तिला कुणी बजावलंच नव्हतं.

"माफ करा हं, मामंजी," ती म्हणाली.

मी 'असू दे ग' म्हणायला तोंड उघडलं. पण माझ्याआधी, दारामागून... श्वास ओढला गेला. आणि कुणीतरी बोललं.

मला नुसती घुमघुम ऐकू आली.

सून मात्र ऐकत राहिली, शेवटपर्यंत. मग तिने अंगावर शाल घेतली आणि माहेरी गेली. अजून आलेली नाही. मुलगा दोनदा जाऊन आला. काय ऐकलं ते ती त्यालाही सांगत नाही. तो विचारतो, आणि ती म्हणते, "ते घर सोड. मग सांगते."