ओल्या कागदावरची सही

सही केलेलं पुस्तक हाती दिलं की दिनानाथ आधी सही बघायचाच नाही. पान उजेडात धरायचा, मागून बोट फिरवायचा, नाकाशी न्यायचा. रोह्याच्या बाजारात त्याचं पेनं दुरुस्त करायचं दुकान होतं, पण खरा नाद लेखकांच्या सह्यांच्या पुस्तकांचा. बायको म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा एवढं निरखलं असतं, तर मीच नकार दिला असता!" पण अलिबागेपासून महाडपर्यंत कुणाला असलं पुस्तक घ्यायचं झालं, की आधी दिनानाथला दाखवल्याशिवाय पैसे सुटत नसत.

त्याचे ठोकताळे साधे. खरी सही पळते, नकली चालते. नक्कल करणारा जपून लिहितो, मध्येच अडखळतो, आणि अडखळला तिथं शाईचा ठिपका पडतो. दुसरी गोष्ट कागदाची. कोऱ्या करकरीत कागदावर शाई रेघ धरून राहते. खाडीकाठच्या घरात वर्षानुवर्षं ओल खाल्लेल्या कागदावर मात्र ती फुटते, रेघेला बारीक केस येतात. जुन्या पुस्तकावर अशी फुटलेली सही दिसली, की ती काल-परवाची समजावी आणि पुस्तक परत करावं.

एक्क्याऐंशीच्या थंडीत कोलाडला दिलेली सरू दुकानात आली. तिचा बाप कान्हू पेणच्या खाडीत मिठागरावर राबायचा आणि रात्री गोष्टी लिहायचा. बऱ्याच वर्षांपूर्वी पेणच्या एका छापखान्यानं त्याचं पुस्तक काढलं, तेव्हा दिनानाथनं मुद्दाम जाऊन सहीची प्रत घेतली होती. उरलेल्या बिनसहीच्या प्रती कान्हूच्या पेटीत पडून राहिल्या. त्याच साली उधाणाला बांध फुटला. चिखलाची भर टाकायला कान्हू धावला, तो गेलाच. प्रेतसुद्धा मिळालं नाही.

"आई एकटीच हाय तिथं," सरू म्हणाली. "बांध परत खचलाय, काका. उधाणाचं पाणी ओटीवर येतं. चल म्हटलं तर म्हणते, तुझा बा येतो, पेटीतल्या एका कोऱ्या पुस्तकावर सहीबी केलीय त्यानं, मी कशी येऊ? तिला वाचता येत नाय. तुमी बघा आन् खोटी हाय म्हणून सांगा. तुमचं ऐकेल ती."

"खोटी असली तर सांगेन," दिनानाथ म्हणाला. तत्त्वाचा माणूस ना!

दुसऱ्या दिवशी तो पेणला उतरला आणि बांधावरून चालत निघाला. दुपार कलली होती. दोन्ही बाजूला मिठाच्या राशी, आणि माणूस म्हणाल तर एक नाही. टोकाला कान्हूचं घर. भिंतींना कमरेएवढी ओल चढली होती. आत चिखलाचा आणि ओल्या मिठाचा वास कोंडला होता.

सरूच्या आईनं, रंभाबाईंनी, चहा दिला आणि पेटी पुढं ओढली. कपाळावर कुंकू ठसठशीत. त्यांनी सर्वांत वरचं पुस्तक उघडून दिलं. "कोरं पान व्हतं, भाऊ. आता शाय हाय. सरूच्या बापाचाच हात ना?"

दिनानाथनं आपली जुनी प्रत शेजारी ठेवली. सही सरळ पळाली होती, कुठं अडखळ नाही, ठिपका नाही. शेवटच्या रेघेला तोच बेफिकीर झटका. हात कान्हूचा, यात तिळमात्र शंका नव्हती. मग त्यानं पान खिडकीशी धरलं. शाई फुटली होती. कागद जुना, ओला... आणि सही ताजी.

मागच्या दारी चिखलातून पाय उपसल्यासारखा आवाज झाला. रंभाबाईंनी मान वळवली नाही.

"खेकडं असतील," त्या हळूच म्हणाल्या. "सांगा ना... व्हय का नाय?"

व्हय म्हटलं तर ही बाई पुढच्या उधाणाला इथंच बुडणार, एवढं त्याला लख्ख दिसलं. जन्मात सहीबाबत खोटं न बोललेला दिनानाथ म्हणाला, "नाही, वहिनी. कुणीतरी चेष्टा केलीय."

रंभाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "मेल्यांनो, म्हातारीची चेष्टा करता? तुमचं वाटोळं होवो! मी बसले वाट बघत... जाते आता सरूकडं. पेटी तुमी न्या, भाऊ. हितं पाण्यात जाईल."

रंभाबाई कोलाडला गेल्या. पुढच्या उधाणाला ते घर खरोखरच वाहून गेलं. सरूनं संक्रांतीला तिळगूळ पाठवला, आई दोन घास जास्त जेवते म्हणून कळवलं. दिनानाथला बरं वाटलं. लबाडी करावी तर अशी, असं तो स्वतःशीच म्हणाला.

मग एका सकाळी पुस्तकांना ऊन दाखवावं म्हणून त्यानं पेटी उघडली. सही एकाच प्रतीवर होती, बाकीची सगळी कोरी, हे त्यानं घरी आणल्यावर पान न् पान तपासलं होतं. आता दुसऱ्या प्रतीवरही सही होती. पान हाताला गार, ओलसर लागलं. सहीच्या वर लिहिलं होतं, 'रंभा कुठं हाय?'

त्यानं पुस्तक मिटलं. बायकोला काही बोलला नाही. घरातली पेनं गोळा करून दुकानात कुलपात ठेवली आणि पेटीला दोरी आवळली. तरी दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रतीवर तोच प्रश्न होता. निब इतकी दाबली होती की कागद फाटला होता. 'रंभा कुठं हाय?'

"बाबा रे, ती सुखात आहे," दिनानाथ पेटीशी पुटपुटला. "तिला सोड आता..."

कुठं, ते मात्र त्यानं ओठावर येऊ दिलं नाही.

पुढच्या सकाळी दोरी तशीच होती, गाठ तशीच. त्यानं सोडली. चौथ्या प्रतीवर प्रश्न होता, आणि आज त्याखाली उत्तरही होतं. 'कोलाडला. सरूकडं.'

हे अक्षर कान्हूचं नव्हतं. दिनानाथनं सवयीनं पान उजेडात धरलं. मागून बोट फिरवलं. ठिपका शोधला, अडखळ शोधली, पुन्हा पुन्हा शोधली. अक्षर सरळ पळालं होतं.

अक्षर त्याचं स्वतःचं होतं. नक्कल नव्हती.